जुन्नरचीं लेणीं आणि त्यांचे दाते

रोमचें कलोसियम इ. स. ८० मध्यें खुलें झालें, हें आमच्याकडील कॉलेजांतला कोणताहि हुशार विद्यार्थी सांगेल. पण मंचरच्या बाजारांत आम्हीं चारचौघांस विचारलें कीं, जुन्नरचीं लेणीं कोणीं कोरलीं, तेव्हां ‘पांडवांनीं, एका रात्रींत’ हें एकच उत्तर आलें. त्यास हंसण्याचा अधिकार आम्हां सुशिक्षितांस नाहीं. वर्षानुवर्षें ह्याच रस्त्यानें जात असतां आम्हीहि जुन्नरची ओळख शिवनेरीपलीकडे करून घेतली नव्हती.

सातवाहनांच्या काळीं जुन्नर हें मोठें व्यापारी नगर होतें. कोंकणांतील बंदरांचा माल नाणेघाट चढून येथें येई. शिवनेरी, मानमोडी, तुळजा व लेण्याद्री ह्या भोंवतालच्या डोंगरांत मिळून दोनशेंच्या आसपास लेणीं आहेत. त्या काळचीं लांकडाचीं घरें केव्हांच मातीस मिळालीं. परंतु त्यांची ठेवण दगडांत उरली आहे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाच्या कमानदार छतास फासळ्या कोरलेल्या आहेत. अखंड दगडास फासळ्यांचा आधार कशास हवा? पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सुताराचें काम होतें. तुळजेचें चैत्यगृह तर वाटोळें. मध्यें स्तूप व त्याभोंवतीं बारा अठपैलू खांब. आणि गिरिजात्मजाचे भाविक दर्शनास ज्या विस्तीर्ण दालनांत उभे राहतात, तो मूळचा बौद्ध भिक्षूंचा विहार होय.

हा खर्च केला कोणीं? ह्याचें उत्तर भिंतींवरील ब्राह्मी लेख देतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची पोढी दिली. बुरुडांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे धर्मार्थ ठेवी ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे ह्या कारागिरांच्या संघटनांवर लोक पेढीसारखा विश्वास टाकीत. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम ह्याचेंहि दान आहे. सर्वांत नवल तीन यवनांचें. यवन म्हणजे मूळचे ग्रीक. पुढें पश्चिमेकडील इतर परक्यांसहि हेंच नांव पडलें. त्यांपैकीं इरिलानें दोन पोढ्या दिल्या, चिटानें संघास भोजनमंडप दिला, आणि चंदानें मानमोडीवरील एका चैत्यगृहाचें मुख करविलें. ज्या युरोपची वास्तुकला आम्ही पुस्तकांतून शिकलों, तिकडच्याच कोणा पूर्वजांनीं आमच्या डोंगरांत आपल्या पदरचा पैसा घातला असेल!

पांडवांचें नांव घेतल्यानें पांडवांचें कांहीं वाढत नाहीं. मात्र ह्या माणसांचें श्रेय बुडतें. त्यांनीं आपलीं नांवें दगडांत कोरविलीं तीं कोणीतरी वाचावीं म्हणून. परततांना मंचरच्या एका अडतीवर धान्याचीं पोतीं मोजलीं जात होतीं. त्या व्यापाऱ्यास आम्हीं सांगितलें, ‘जुन्नरच्या डोंगरांतलें एक लेणें तुमच्या धंद्याच्या लोकांनीं दिलेलें आहे.’ तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘मग एकदां मुलांना दाखवायला न्यायला पाहिजे.’