तुरुंगातले दुखणे

घरी माणूस आजारी पडला म्हणजे तो डॉक्टरकडे जातो. एकाच्या औषधाने गुण आला नाही तर दुसऱ्याकडे जातो. तुरुंगातल्या माणसाला यांतले काहीच करता येत नाही. त्याचा डॉक्टर सरकार नेमते, औषध सरकार आणते आणि पुष्कळदा त्याचे दुखणे खरे की सोंग, हे पहारेकरी ठरवतो. अशा माणसाची हेळसांड झाली तर त्याने दाद कोणाकडे मागावी?

अमेरिकेत १८७१ साली व्हर्जिनियाच्या न्यायालयाने, शिक्षा भोगणारा कैदी हा तेवढ्या काळापुरता राज्याचा गुलाम होय, असे सांगून टाकले. योगायोग असा की, त्याच वर्षी तेथील काँग्रेसने नागरी हक्कांचा एक कायदा संमत केला. राज्याच्या सत्तेचा वापर करून कोणी घटनेने दिलेला हक्क हिरावून घेतला, तर त्याच्यावर संघीय न्यायालयात दावा लावता यावा, अशी त्यात तरतूद होती. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या रक्षणासाठी झालेला हा कायदा पुढे जवळजवळ नव्वद वर्षे निपचित पडून राहिला. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात प्राण फुंकले आणि १९६४ साली त्याचे दार कैद्यांनाही उघडे झाले.

त्या दाराशी १९७४ साली टेक्ससच्या तुरुंगातील गॅम्बल नावाचा कैदी येऊन उभा राहिला. नोव्हेंबर १९७३ मध्ये ट्रकमधून माल उतरवीत असता कापसाची गासडी त्याच्या अंगावर पडली. पाठ धरली, ती सुटेना. हलक्या कामास तो योग्य आहे, असा दाखला डॉक्टरांनी दिला; तो मात्र वेदनेमुळे काम होत नाही म्हणाला, आणि त्यापायी एकांत कोठडीत गेला. वकील न घेता त्याने स्वहस्ताने अर्ज लिहिला.

नोव्हेंबर १९७६ मध्ये न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी निकाल दिला. कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष ही घटनेने निषिद्ध ठरविलेली क्रूर शिक्षाच होय, असे तत्त्व त्यांनी मांडले. ज्याचे स्वातंत्र्य राज्याने काढून घेतले, त्याची शुश्रूषाही राज्यानेच केली पाहिजे, हा त्यामागचा साधा न्याय. परंतु डॉक्टरांविरुद्धची गॅम्बलची तक्रार मात्र टिकली नाही. तीन महिन्यांत त्याला १७ वेळा तपासले होते. क्ष-किरण चित्र काढले नाही ही फार तर वैद्यकीय चूक, क्रौर्य नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांना हे पटले नाही. अधिकाऱ्याच्या मनात काय होते, यापेक्षा शिक्षा प्रत्यक्षात कशी होती हे पाहावे, असे त्यांचे म्हणणे.

प्रशासनात आयुष्य घालविणाऱ्याला हा मतभेद विचार करावयास लावतो. १७ नोंदी ही आमच्या दृष्टीने भक्कम फाइल. पण नोंद झाली म्हणजे उपचार झाला, असे म्हणता येईल काय? शिवाय हेळसांडीला दुष्ट हेतू लागतोच असेही नाही. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांची सोय सुमारे ८०,००० माणसांची. तेथे जवळजवळ दुप्पट कोंबले होते. वेळेवर उपचार न मिळाल्याने आठवड्याला सरासरी एक कैदी हकनाक मरतो, असे न्यायालयापुढे सिद्ध झाले. त्यात एकही माणूस मुद्दाम वाईट वागलेला नसेल. पण मरणारा तर मेलाच. अखेर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्दी कमी करण्याचा हुकूम पाच विरुद्ध चार मतांनी कायम केला.

दरम्यान १९९६ च्या कायद्याने ही वाट पुन्हा अरुंद केली होती. आधी तुरुंगातल्या तक्रारीच्या सर्व पायऱ्या चढाव्यात आणि निर्धनानेही न्यायालयाचे शुल्क हप्त्याहप्त्याने भरावे, असा नियम झाला. खोट्या दाव्यांना आळा घालण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. मात्र ज्याची पाठ दुखते आहे त्याने ज्यांच्याविरुद्ध तक्रार करावयाची, त्यांच्याच कचेरीत आधी मुदतीत अर्ज द्यावयाचा, ही गोष्ट सोपी नाही.

न्यायाधीशाने दिलेली शिक्षा ही स्वातंत्र्य गमावण्याची असते. दुखण्याची शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते. ती तुरुंगात मागाहून कोणी जोडीत नाही ना, हे पाहणे हे कैद्यावर उपकार करणे नव्हे. न्यायालयाचा हुकूम जसाच्या तसा पाळणे होय.