कनवटी, बटवा आणि खिसा : महाराष्ट्रातील अंगावर बाळगावयाच्या वस्तूंचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

राजेरजवाड्यांच्या खजिन्यांची मोजदाद इतिहासलेखनात पुष्कळ झाली आहे. सामान्य माणसाच्या कनवटीला काय होते, याची चौकशी मात्र क्वचितच झालेली दिसते. याचे एक कारण साधनांच्या अभावात आहे. अंगावर बाळगलेली वस्तू झिजते, हरवते, खर्च होते. दप्तरात तिची नोंद होत नाही. तरीही भाषेतील शब्द, चलनाचा इतिहास आणि वेळोवेळी झालेले कायदे यांच्या आधारे या वस्तूंचा माग काढता येतो. प्रस्तुत निबंधात तसा प्रयत्न केला आहे. त्यातील मुख्य प्रतिपादन असे की, गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातील माणसाच्या अंगावर दोन प्रकारच्या वस्तू आल्या : एक, ज्या त्याच्या स्वतःच्या मालकीच्या होत्या, आणि दुसऱ्या, ज्या कोणीतरी त्याला दिल्या आणि ज्या दाखविल्यावाचून त्याचे चालेनासे झाले. हा दुसरा प्रकार सर्वांच्या वाट्याला सारख्या रीतीने आलेला नाही.

गाठीचा पैसा

खिसा हा शिवलेल्या वस्त्राचा अवयव होय. धोतर, उपरणे, लुगडे ही न शिवलेली वस्त्रे. बाराबंदी शिवलेली खरी, पण बंदांनी बांधावयाची. अशा पोशाखात पैसा ठेवण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. धोतराच्या कमरेच्या घडीत, म्हणजे कनवटीला, किरकोळ नाणी खोचली जात. मोठी रक्कम असल्यास कमरेला कसा बांधला जाई. उपरण्याच्या किंवा लुगड्याच्या पदराला गाठ मारून त्यात नाणे ठेवणे ही तर सर्वांत सोपी रीत. 'पदरमोड करणे', 'पदरचे पैसे घालणे', 'गाठीला चार पैसे असणे' हे वाक्प्रचार त्याच रीतीतून आलेले आहेत. आज पदराला गाठ मारणारे हात कमी झाले, तरी प्राध्यापक मंडळी चर्चासत्राला जाताना अजून पदरमोडच करतात, खिसामोड करीत नाहीत.

'खिसा' हा शब्द फारसी 'कीसा' वरून आला. मूळ अर्थ पिशवी, थैली. मराठीत तो अंगरख्याला शिवलेल्या पिशवीसाठी रूढ झाला. सुटी पिशवी अंगाला जोडली गेली, एवढाच हा बदल. परंतु पिशवी दुसऱ्याच्या हाती देता येते, खिसा देता येत नाही. शिवणयंत्राचा प्रसार आणि कोट, सदरा, बंडी यांचा वापर वाढल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो शहरांत आणि हळूहळू खेड्यांत सार्वत्रिक झाला.

चंचीबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. अनेक कप्प्यांची, गुंडाळी करून बांधावयाची ही कापडी पिशवी म्हणजे खिशाची खरी पूर्वज होय. पान, सुपारी, कात, तंबाखू, अडकित्ता आणि चुन्याची डबी एवढा संसार तीत मावे. विडी ओढणाऱ्याजवळ चकमक, गारगोटी व ठिणगी धरणारा कापूस असे. चंची चारचौघांत सोडावयाची वस्तू होती. चावडीवर किंवा बांधावर ती उलगडली की शेजाऱ्याला पान देणे ओघाने आलेच. अर्थात कोणाच्या चंचीतले पान कोणी घ्यावयाचे, याला जातीची मर्यादा होती. काड्यापेटी आल्यावर चकमक मागे पडली. १९२२ मध्ये आयात काड्यापेट्यांवर जबर जकात बसली आणि १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर विमको ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. त्यानंतर चकमक बाळगणारा माणूस शोधावाच लागला असेल.

रुपयाचे वजन

१८३५ च्या एकरूप नाणेपद्धतीनंतरचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा होता. वीस रुपये म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम, शंभर रुपये म्हणजे एक किलोहून अधिक चांदी. कनवटीला किती रक्कम राहू शकते, याला अशी भौतिक मर्यादाच होती. कागदी चलनाचा कायदा १८६१ चा असला तरी एक रुपयाची नोट पहिल्या महायुद्धातील चांदीच्या टंचाईमुळे ३० नोव्हेंबर १९१७ रोजी निघाली. पाठोपाठ १९१८ च्या आरंभी अडीच रुपयांचीही नोट आली. रोजच्या व्यवहारातला रुपया प्रथमच कागदाचा झाला. घामाने भिजणाऱ्या कनवटीत चांदी सुखरूप राहते, कागद राहत नाही. खिसा आणि पाकीट यांच्या प्रसारात पोशाखाच्या अनुकरणाइतकाच या ओलसर वास्तवाचा वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, भोकाचा पैसा निघाला तो तांबे वाचविण्यासाठी. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली आणि रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. १९६४ मध्ये त्यातील 'नवे' हा शब्दही गळाला. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे व त्याखालील नाणी कायदेशीर चलन राहिली नाहीत. 'चार आणे' मात्र भाषेत उरले आहेत.

गाठ सोडणारे आणि पास बाळगणारे

पैसा अंगावर आला की तो चोरणारा माणूसही आला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ग्रंथिभेदकाला, म्हणजे गाठ सोडून वा कापून द्रव्य नेणाऱ्याला, पहिल्या अपराधाबद्दल बोटे, दुसऱ्याबद्दल हात-पाय तोडण्याची आणि तिसऱ्याबद्दल वधाची शिक्षा सांगितली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत त्याच्या जोडीला 'उत्क्षेपक' येतो. म्हणजे उचलून नेणारा. आजच्या खिसेकापूचे हे दोन पूर्वसूरी होत.

या दोन शब्दांचे महाराष्ट्रात पुढे जे झाले, ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. 'उत्क्षेपक' याचा मराठी प्रतिशब्द 'उचल्या'. कन्नडमध्ये 'गंटु' म्हणजे गाठ किंवा गाठोडे. त्यावरून मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात 'गंटीचोर' हा शब्द आला, तोच 'घंटीचोर' असाही लिहिला गेला. हे दोन्ही शब्द वसाहतकाळात अपराधांची नावे न राहता जमातींची नावे झाली. स्मृतीतील शिक्षा क्रूर होती आणि स्मृतींचा दंडविचार वर्णभेदाने डागाळलेला होता, यात शंका नाही. पण ग्रंथिभेदक ठरावयास निदान गाठ कापावी लागे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ही अटही काढून टाकली. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्याची अंमलबजावणी वाढली. नोंद झालेल्या जमातीतील माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यावयाची आणि ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जावयाचे तर पास घ्यावयाचा, असे निर्बंध आले. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती वसविल्या गेल्या.

या पासाचा विचार खिशाच्या इतिहासात व्हावयास हवा. ज्याच्यावर दुसऱ्याचा खिसा रिकामा केल्याचा जन्मजात आरोप होता, त्याच्याच अंगावर सरकारने एक कागद ठेवला. तो हरवणे हाच अपराध ठरू शके. पान-तंबाखू विसरून घराबाहेर पडलेला माणूस हळहळतो; पास विसरून हद्द ओलांडलेला माणूस कोठडीत जातो. महाराष्ट्रात ओळखीच्या कागदाचा आरंभ शोधणाऱ्याने पारपत्र किंवा शिधापत्रिका यांच्याकडे वळण्याआधी या पासाकडे पाहिले पाहिजे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या गेल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसंबंधीचा कायदा आलाच. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले व १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. जो शब्द पोलिसांच्या नोंदवहीतून आला होता, तो लेखकाने स्वतः पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणला. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा या नोंदीखाली 'उचले' आणि 'घंटीचोर' ही नावे येतात. सवलतीचा दाखला मिळवावयाचा तर खिशातल्या कागदावर तेच नाव लिहून घ्यावे लागते, हा पेच अद्याप सुटलेला नाही.

कार्ड, घड्याळ आणि पेन

गिरणी कामगाराच्या खिशातही दुसऱ्याने दिलेला कागद होताच. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत सुरू केली. महिन्याच्या आरंभी ठराविक माणसांना बदली कार्ड मिळे. ते घेऊन रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी हजर राहावयाचे आणि गैरहजर कामगाराची जागा मिळाली तर काम, नाही तर परत खोलीवर. त्यापूर्वी बदली भरणे सर्वस्वी जॉबरच्या मर्जीवर असे. तेव्हा हे कार्ड जाच होते की संरक्षण, याचे एकच उत्तर देता येणार नाही. गावी पाठविलेल्या मनिऑर्डरीची पावती मात्र निःसंशय कामगाराची स्वतःची होती. मनिऑर्डरीची सोय १८८० पासूनची. कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या.

खिशातले घड्याळ ही बराच काळ प्रतिष्ठितांची वस्तू होती. जुन्या छायाचित्रांत कोटाच्या बटणापासून खिशात गेलेली साखळी आवर्जून दिसेल अशी ठेवलेली असते. मुंबईत तर घड्याळ असून वेळ कळेलच असे नव्हते. १ जानेवारी १९०६ पासून देशात प्रमाणवेळ लागू झाली. शहराने मात्र सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नाही. आगगाडी एका वेळेवर आणि महापालिका दुसऱ्या वेळेवर. गांधीजींनी शिवलेले कपडे टाकले, खिसा गेला, पण खिशातले घड्याळ टाकले नाही. ते कमरेला लटकवून ठेवले. त्यांपैकी एक घड्याळ चष्मा व चपलांसह २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात विकले गेले.

पेनाची कथा निराळी आहे. बोरू कानावर किंवा कलमदानात असे आणि ज्याच्याकडे कलमदान तो बहुधा कुलकर्णी असे. अमेरिकेत १८८४ मध्ये वॉटरमनने झरणीचे पेटंट घेतले, त्यानंतर दौत आणि लेखणी एक होऊन सदऱ्याच्या खिशाला लागली. कलमदान वतनाने मिळत होते; पेन बाजारात मिळू लागले. महाराष्ट्रातील गावोगावी उभ्या असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यांकडे या दृष्टीने पाहावे. निळा सूट, हातात ग्रंथ आणि कोटाच्या वरच्या खिशाला पेन. ज्या समाजाचे नाणे दुकानदार हातात न घेता जमिनीवर ठेवावयास लावी, पाणी शिंपडून मग उचली, त्या समाजाने आपल्या नेत्याच्या प्रतिमेत जपली ती खिशातली वस्तू पैसा नसून पेन आहे. शिल्पकाराच्या हातून हे पेन सुटले तर वस्तीतील लोक ते विसरू देणार नाहीत.

बटवा

स्त्रियांच्या वस्त्राला खिसा आलाच नाही. लुगडे नऊवारीचे सहावारी झाले, चोळीचा ब्लाउज झाला, पण पैसा पदराच्या गाठीत, बटव्यात किंवा ब्लाउजमध्येच राहिला. बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या व कोळणी दिवसभर रोख रक्कम हाताळतात, तीही कमरेला खोचलेल्या बटव्यातून. प्रवासाला निघालेल्या वृद्ध स्त्रिया परकराला आतून चोरखिसा शिवून घेत. शिंपी तोच, कापड तेच. पुरुषाच्या सदऱ्याला दिसेल असा खिसा आणि स्त्रीच्या परकराला लपेल असा. या लपविण्यामागे केवळ चोराची भीती नव्हती. स्त्रीधनाच्या मर्यादेपलीकडे हिंदू स्त्रीच्या मालकीला कायद्याने पूर्ण मान्यता १९५६ च्या वारसा कायद्याने मिळाली आणि वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने. घरखर्चातून वाचविलेले दोन रुपये तोपर्यंत डाळीच्या डब्यात किंवा बटव्यात राहिले. कारण ते उघड्यावर ठेवले तर कोणाचे, हा प्रश्न निघाला असता. कायदा बदलल्यावरही डबा लगेच बदलला नाही.

गेल्या तीन दशकांत खिशाचे ओझे पुन्हा हलके होत आहे. १९९५ मध्ये भारतात भ्रमणध्वनी आला, २०१६ मध्ये मोबाइलवरून थेट पैसे देण्याची यूपीआय व्यवस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीने सुट्या पैशांची चणचण सर्वांनी अनुभवली. घड्याळ, पाकीट, काही अंशी पेनही आता एकाच वस्तूत गेले आहे. ती वस्तू बटव्यात मावत नाही; म्हणून गळ्यात अडकवावयाच्या कापडी पिशव्या आठवडी बाजारांत विकावयास आल्या.

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. पहिला क्रमांक मिळाला तो एका स्त्रीला. तेव्हापासून शिधा, बँक, शिष्यवृत्ती, निराधारांचे अनुदान यांसाठी हे कार्ड लागू लागले. तालुक्याच्या बँकेबाहेर रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून, सुपारीच्या खांडांशेजारी, कमरेच्या बटव्यात ठेवतात. आणि झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्राला ओळखता आला नाही, तर ते तसेच परत खोचून दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.