हातगाडीवरचा कागद

१७३० च्या आगेमागे फिलाडेल्फिया शहरातील लोकांना एक दृश्य अधूनमधून दिसे. चोविशी-पंचविशीतला एक छापखानेवाला, दुकानातून विकत घेतलेला कागद एकचाकी हातगाडीवर घालून, ती स्वतः ढकलीत भर रस्त्याने चालला आहे. अंगावर साधे कपडे. हे काम वास्तविक गड्याचे; पण मालक ते करीत होता, आणि लोकांनी ते पाहावे अशी त्याची इच्छाही होती. हा बेंजामिन फ्रँकलिन. वयाच्या ६५ व्या वर्षी, १७७१ साली, त्याने आत्मचरित्र लिहावयास घेतले तेव्हा ही गोष्ट मुळीच लपविली नाही. धंद्यात पत राखायची तर नुसते उद्योगी असून भागत नाही, आपण आळशी दिसणार नाही याचीही काळजी घ्यावी लागते, असे तो सरळ कबूल करतो.

अशा माणसाला आपण चटकन ढोंगी म्हणतो. प्रथम वाचले तेव्हा मीही म्हटले होते. पण त्याची त्या वेळची स्थिती ध्यानात घेतली म्हणजे निकाल इतका सोपा राहात नाही.

बॉस्टनच्या एका साबण-मेणबत्त्या करणाऱ्याचा हा मुलगा. थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करीत असता, १७२३ साली, सतराव्या वर्षी तो पळाला आणि फिलाडेल्फियात आला. १७२८ साली ह्यू मेरेडिथ नावाच्या सोबत्याशी भागी करून त्याने छापखाना घातला. भांडवल मेरेडिथच्या बापाचे. गावात ब्रॅडफर्ड आणि कायमर असे दोन छापखानेवाले आधीच होते. तिसरा बुडणार असे व्यापाऱ्यांच्या मंडळात बोलले जाई. त्या मंडळातले बेअर्ड नावाचे डॉक्टर तेवढे निराळे बोलले. रात्री मंडळातून घरी जाताना तो पोरगा कामावर दिसतो, आणि सकाळी शेजारीपाजारी उठण्यापूर्वी पुन्हा कामावर असतो, असे त्यांनी सांगितले. लवकरच एक व्यापारी उधारीवर माल पुरवावयास आपण होऊन पुढे आला. हा उद्योग देखाव्यापुरता नव्हता. एका रात्री बांधून ठेवलेला फर्मा मोडला, दोन पानांचे खिळे विस्कटले. फ्रँकलिनने ते सारे वेगळे करून पाने पुन्हा जुळविली आणि मगच तो झोपला.

पतीची खरी परीक्षा लवकरच आली. मेरेडिथच्या बापाला कबूल केलेल्या रकमेचा दुसरा निम्मा हप्ता देता येईना, आणि सावकाराने तिघांवर फिर्याद केली. त्या वसाहतीत तेव्हा व्यापारी बँक नव्हती. पैसे मिळायचे ते माणसाच्या नावावर. अशा वेळी विल्यम कोलमन आणि रॉबर्ट ग्रेस हे दोन मित्र, एकमेकांना नकळत आणि न मागता, लागेल ती रक्कम द्यावयास आले. दोघांनीही एकच गोष्ट सुचविली : मेरेडिथला सोडा. तो रस्त्यात झिंगलेला दिसतो, गुत्त्यात खेळत बसतो. हातगाडीवाला ज्या रस्त्यावर दिसला, त्याच रस्त्यावर त्याचा भागीदारही दिसला होता! १७३० साली भागी मोडली आणि धंदा फ्रँकलिनच्या एकट्याच्या नावावर आला. हे मित्र त्याने १७२७ साली काढलेल्या ‘जुंटो’ मंडळातले. दर शुक्रवारी संध्याकाळी तेथे कारागीर नि कारकून जमत, निबंध वाचीत, वाद घालीत. धंदा काढण्यापूर्वीच त्याने माणसे जोडली होती.

वाचक जोडण्याची विद्याही त्याने लवकर साधली. सोळाव्या वर्षी, १७२२ साली, ‘सायलेन्स डूगुड’ नावाच्या विधवेची पत्रे लिहून तो ती रात्री भावाच्या छापखान्याच्या दाराखालून सरकवी. भाऊ ती कौतुकाने छापी. फिलाडेल्फियात कायमरने वर्तमानपत्र काढले आणि त्यात ज्ञानकोश पहिल्या अक्षरापासून छापावयास घेतला. फ्रँकलिनने प्रतिस्पर्ध्याच्या पत्रात, ब्रॅडफर्डच्या पत्रात, टोपणनावाने लेख लिहून त्याची थट्टा आरंभिली. १७२९ साली कायमरने आपले पत्र विकले तेव्हा त्याला फार तर नव्वद वर्गणीदार होते. घेणारा अर्थात फ्रँकलिनच. ते पत्र म्हणजे ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’. त्याच साली वसाहतीत कागदी चलन वाढवावे अशी एक पुस्तिका त्याने लिहिली. चलन निघाले, आणि नोटा छापण्याचे काम त्याला मिळाले! लोकहित आणि स्वहित येथे इतके एकजीव झाले आहेत की कोणते आधी होते हे ठरविणे कठीण आहे.

कळस झाला तो पंचांगाने. १७३२ च्या अखेरीस त्याने ‘पुअर रिचर्ड’ काढले. कर्ता रिचर्ड साँडर्स, म्हणजे कोणीच नव्हे. एक गरीब ज्योतिषी आणि त्याची कजाग बायको. पहिल्याच पंचांगात या रिचर्डने टायटन लीड्स या खऱ्याखुऱ्या प्रतिस्पर्धी पंचांगकर्त्याच्या मृत्यूचा दिवस व घटका वर्तविली. ही क्लृप्ती इंग्लंडात स्विफ्टने पूर्वी वापरलेली. लीड्स चिडून लिहिता झाला की मी जिवंत आहे. रिचर्डने उत्तर दिले : माझा मित्र इतका असभ्य कधीच नव्हता, तेव्हा हे कोणी तोतयाच लिहीत असला पाहिजे. गाव हसले आणि पंचांग खपले. पुढे वर्षाला दहा हजारांच्या जवळपास प्रती जात. तिथीवारांमधल्या मोकळ्या जागा त्याने उद्योग आणि काटकसरीच्या म्हणींनी भरल्या, कारण ज्या घरी दुसरे पुस्तक विकत घेतले जात नसे तेथेही हे पोचे.

एक गोष्ट मात्र या कौतुकात झाकली जाऊ नये. ज्या ‘गॅझेट’ने त्याला गावचा विश्वासू माणूस केले, त्यातच गुलाम विकावयाच्या आणि पळालेले गुलाम पकडून देण्याच्या जाहिराती पैसे घेऊन छापल्या जात. चौकशी छापखान्यात करावी, असेही काहींत असे. स्वतः उमेदवारीतून पळून आलेला हा माणूस! गिऱ्हाइकाला रुचेल तेच दुकानात ठेवावयाचे, हा त्याच्या कसबाचाच भाग होता, आणि त्या गिऱ्हाइकात गुलामांचे मालक होते. तो स्वतःही त्यांपैकी एक. १७८७ साली तो गुलामगिरी-निर्मूलन संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि १७९० च्या फेब्रुवारीत त्याच्या सहीचा अर्ज काँग्रेसपुढे गेला. त्या जाहिरातींना तोवर अर्धे शतक उलटले होते.

१७४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी, डेव्हिड हॉल या भागीदाराच्या हाती छापखाना सोपवून तो मोकळा झाला. वकिलाती, फ्रान्सचा दरबार हे सारे त्यानंतरचे. १७८८ साली त्याने मृत्युपत्र केले. त्यात आपल्या नावापुढे फ्रान्समधील वकिलात लिहिली आहे, पेनसिल्व्हेनियाचे अध्यक्षपद लिहिले आहे. पण त्या दोहोंच्या आधी शब्द आहे तो ‘छापखानेवाला’.