सुट्टी कुणाची?

चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात १ मे या तारखेला तीन अर्थ आहेत. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, म्हणून तो महाराष्ट्र दिन. शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी संप केला, म्हणून तो कामगार दिन. आणि १ मे १९७३ या दिवशी देशातल्या नॉन-कोकिंग कोळशाच्या खासगी खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. आमच्या भागातल्या खाणीही त्यात आल्या. आता प्रश्न असा, की ज्याची भाषा मराठी नाही, ज्याचं गाव इथलं नाही, पण ज्याचं आयुष्य इथल्या जमिनीखाली गेलं, त्यानं यातला कोणता दिवस आपला म्हणायचा?

वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, माजरी ही नावं कोळशाशी जोडली गेली. पाठोपाठ बल्लारपुरात कागदाची गिरणी आली. कोळसा आणि बांबू इथला, पण हात दूरदूरचे. छत्तीसगडी कुटुंबं आली, गोदावरीपलीकडून तेलुगू माणसं आली, पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधून तरुण आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर गोरखपूरला मजूरभरतीचं केंद्रच उघडलं होतं. तिथून माणसं देशभरच्या खाणींकडे रवाना होत.

या लोकांना आपण सहज 'बाहेरचे' म्हणतो. पण बाहेर आणि आत ठरवणारी रेषाच इथं किती वेळा सरकली, ते पाहा. १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंत चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबरला तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि साडेतीन वर्षांनी महाराष्ट्रात आला. राजुऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. तो तालुका हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला. म्हणून राजुऱ्यात आजही १७ सप्टेंबरला मुक्तिदिन असतो आणि नदीच्या अलीकडच्या गावांना तो दिवस फारसा ठाऊक नसतो. राजुऱ्यातला तेलुगू शेतकरी एक पाऊल न हलवता दुसऱ्या भाषेच्या राज्यात आला. मग बाहेरून कोण आलं, माणूस की सीमा?

मी वाढलो खाणीच्या वसाहतीत. घरात हिंदी-उर्दू, शाळेत मराठी. १ मेला सकाळी शाळेत झेंडावंदन, त्यानंतर वार्षिक निकाल. परत येताना युनियनच्या ऑफिसवर दुसरा, लाल झेंडा दिसे. शेजारच्या तेलुगू अक्कांनी एकदा माझ्या अब्बांना विचारलं, "भाईजान, आज सुट्टी कशाची?" अब्बा म्हणाले, "पगारी आहे अक्का, एवढं पुरे." तेव्हा आम्ही पोरं हसलो होतो. आज वाटतं, सुट्टीचा सगळा इतिहास त्या उत्तरात आहे.

कारण सुट्टी आणि बिनपगारी खाडा यांत मोठं अंतर आहे. ते कापायला पिढ्या लागल्या. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी १८८४ पासून लढा दिला. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जगात पहिला आंतरराष्ट्रीय कामगार दिन पाळला गेला तो त्याच वर्षी, त्याआधी बरोबर चाळीस दिवस. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या खाणी स्वतः पाहिल्या. त्यानंतर खाण कामगारांसाठी कल्याण निधी आला. कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा देणारी दुरुस्ती १९४५ मध्ये झाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत.

परक्या देशातल्या मजुराचं काय होतं? हॉलंडनं १९६४ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६९ मध्ये मोरोक्कोशी करार करून कामगार नेले. त्या देशाचा मोठा सण राजघराण्याचा. २०१३ पर्यंत तो ३० एप्रिलला असे, आता २७ एप्रिलला असतो. सगळीकडे नारिंगी रंग. पण १ मेला तिथं सार्वजनिक सुट्टी नसते. म्हणजे परक्या मजुराला यजमानाच्या राजाचा दिवस मिळाला, स्वतःचा मिळाला नाही. त्यातही एक चांगली प्रथा आहे. त्या दिवशी कुणीही परवान्याशिवाय रस्त्यावर जुन्या वस्तू विकायला बसू शकतो. सणात स्वतःची चटई अंथरायला जागा मिळाली, की पाहुणा थोडा घरचा होतो. आमच्या वसाहतीत ती जागा युनियनच्या मिरवणुकीनं दिली. तिथं तेलुगू, भोजपुरी, छत्तीसगडी, मराठी घोषणा एकाच रस्त्यानं जात.

पण हे झालं हजेरीपटावर कायम नाव असलेल्यांचं. गडचिरोलीच्या जंगलात १ मेच्या सुमारास तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. जितके पुडे तितकी मजुरी. पान कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे कामगार दिनी हा कामगार जंगलातच असतो.

आणि आपली माणसंही परकी होतात. धान निघालं की दोन्ही जिल्ह्यांतले मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. २६ जानेवारी त्यांची मिरचीच्या शेतात उजाडते. तिथल्या शेतकऱ्याला ते 'महाराष्ट्रातून आलेले' असतात, जसे इथं अक्का 'आंध्रातल्या' होत्या. २०२० च्या टाळेबंदीत ते तिकडेच अडकले आणि कित्येक जण पायी निघाले. त्या वर्षी १ मेला महाराष्ट्राला साठ वर्षं झाली. त्याच पहाटे हैदराबादजवळच्या लिंगमपल्लीहून सुमारे १२०० मजुरांना घेऊन पहिली श्रमिक रेल्वे झारखंडमधल्या हटियाला सुटली. कामगार दिनी देशानं परप्रांतीय कामगाराला दिलेली ती भेट होती, घरी परतण्याची.

येत्या १ मेला झेंडावंदन झालं, की वाटेत भेटणाऱ्या ठेक्यावरच्या एखाद्या कामगाराला, टिपरच्या ड्रायव्हरला, इमारतीवरच्या गवंड्याला एकच गोष्ट विचारा: "भाऊ, आजचा पगार मिळणार ना?" त्याचं गाव कोणतं, भाषा कोणती, हे नंतर विचारलं तरी चालेल.