मुकादम

अरबीतील ‘मुकद्दम’ म्हणजे पुढे ठेवलेला, अग्रणी. फारसीमार्गे दख्खनच्या कागदपत्रांत ‘मोकदम’ होऊन आलेला हा शब्द गावच्या पाटलाचा, म्हणजे वतनदाराचा, निदर्शक होता. आज जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांत तो ‘मुकादम’ या रूपात ऊसतोड टोळीच्या म्होरक्याला लावला जातो (ही शब्दाची घसरण म्हणावी की बढती, हा प्रश्नच आहे), जो कारखान्याची ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, ‘कोयत्यां’ना वाटतो; कोयता म्हणजे येथे हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी, जिची मजुरी टनावर एकत्रच मोजली जाते. अर्थशास्त्रज्ञ डोरिंजर व पिओरी यांनी 1971 मध्ये श्रमबाजाराचे प्राथमिक, म्हणजे स्थिर व संरक्षित, आणि दुय्यम, म्हणजे अस्थिर व अल्पवेतनी, असे विभाग मांडले. हीच विभागणी येथे दिसते: साखर कारखान्याच्या हजेरीपटावर कायम कामगाराचे नाव असते, तोडणाऱ्याचे सहसा नसते, कारण त्याचा व्यवहार या ‘पुढे ठेवलेल्या’ माणसाशी, मुकादमाशीच होतो.