डुब्रॉव्हनिकचीं कौलें

एखाद्या शहराचें नांव कशामुळें जगाच्या तोंडीं होईल, याचा नेम नाहीं. एड्रियाटिक समुद्रावरील डुब्रॉव्हनिक आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक झालें असेल तें ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळें. २०११ मध्यें तेथें तिचें चित्रण सुरू झालें आणि लव्हरियेनात्सचा किल्ला एका कल्पित राजवाड्याच्या कामीं आला. तेव्हांपासून कित्येक प्रवासी येतात ते त्या कल्पित राजधानीच्या शोधास. खरें शहर वाटेंतच उभें असतें, पण त्याकडे दृष्टि जाते थोड्यांचीच.

हें खरें शहर म्हणजे जुनें रगुसा. व्हेनिस आणि तुर्क अशा दोन बलाढ्य सत्तांच्या कात्रींत सांपडूनहि या चिमुकल्या व्यापारी गणराज्यानें १३५८ पासून १८०८ पर्यंत, कधीं खंडणी भरून, कधीं तह करून, आपला कारभार आपल्या हातीं राखला. १४१६ मध्येंच त्यानें गुलामांच्या व्यापारास बंदी घातली. ज्या किल्ल्यांत कल्पित राजांचे जुलूम रंगविले गेले, त्याच्याच दारावर, स्वातंत्र्य कितीहि सोन्याला विकूं नये, अशा अर्थाचा लॅटिन लेख आहे. तो वाचण्यासाठीं क्षणभर थांबणाऱ्यास मालिकेचीहि गोडी अधिकच वाटेल, असें आम्हांस वाटतें. (या शहराचा रक्षक संत ब्लेझ. त्याच्याच नांवाचें चर्च गोव्यांत गवंडाळीस आहे, आणि परंपरा त्याचा संबंध रगुसाच्या व्यापाऱ्यांशीं जोडते.)

आमचा आक्षेप आहे तो जेझुइटांच्या जिन्यावरील प्रकारास. अठराव्या शतकांतील हा डौलदार जिना संत इग्नेशियसच्या चर्चकडे चढतो. २०१५ च्या भागांत एका राणीची धिंड याच जिन्यावरून निघाली, म्हणून हौशी मंडळी तेथें तिचें सोंग आणून धिक्काराच्या आरोळ्या ठोकतात. वर देवालय, भोंवतीं घरें! १९९१ मध्यें तटाच्या आंत सुमारें ५,००० लोक राहत होते. आतां २,००० हि उरले नाहींत. २०१९ पासून प्रवासी जहाजांच्या संख्येस मर्यादा घालण्यांत आली. २०२३ मध्यें तर चाकांच्या पेट्या दगडी रस्त्यांवरून खडखडत नेऊं नका, अशी विनवणी नगरपालिकेस करावी लागली. पाहुण्यास हें सांगावें लागावें, यांत यजमानाचा दोष तो कोणता?

तटावरून पाहतां छपरांवर दोन रंगांचीं कौलें दिसतात; कांहीं फिकटलेलीं, बहुतेक तांबडीं लाल. हा रंगभेद शोभेचा नव्हे. १९९१-९२ च्या वेढ्यांत जुन्या शहरांतील ८२४ इमारतींपैकीं ५६३ इमारतींवर तोफगोळे पडले; त्यांतला सर्वांत भयंकर दिवस ६ डिसेंबर १९९१ चा. नवीं कौलें त्या दिवसांनंतरचीं आहेत. पिले वेशीच्या आंत भिंतीवर एक नकाशा लाविला आहे. कोणत्या छपरावर गोळा पडला, कोणतें घर जळून गेलें, तें त्यावर खुणांनीं दाखविलें आहे. चित्रणस्थळें दाखविणारे वाटाडे आपली मंडळी गोळा करितात तीहि त्याच वेशीपाशीं.