थेट कॅसेटवर: जपानी ओव्हीएची कुळकथा

डिसेंबर 1983मध्ये जपानच्या दुकानांत ‘डॅलोस’ नावाची व्हिडिओ कॅसेट विक्रीला आली. चंद्रावर खनिजं काढत राबणाऱ्या वसाहतीतली तिसरी पिढी पृथ्वीच्या सरकारविरुद्ध उठते, अशी तिची गोष्ट. ही चित्रमालिका कुठल्या वाहिनीवर लागली नव्हती की थिएटरात झळकली नव्हती. पाहायची तर कॅसेट विकत घ्या, नाहीतर भाड्याने आणा. मालिकेचा दुसरा भाग आधी बाजारात आला आणि पहिला त्यानंतर, जानेवारी 1984मध्ये. टीव्हीवर असा उलटा क्रम कुणी चालवून घेतला नसता.

फक्त घरच्या व्हिडिओसाठी बनवलेल्या अशा चित्रमालिकांना पुढे ‘ओरिजनल व्हिडिओ अ‍ॅनिमेशन’, थोडक्यात ओव्हीए, हे नाव पडलं. ‘डॅलोस’ हा त्यांचा मूळपुरुष मानला जातो. या घराण्याचा इतिहास मला एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: चित्रमालिकेचे पैसे कोण भरतो? ज्या ज्या वेळी या प्रश्नाचं उत्तर बदललं, त्या त्या वेळी पडद्यावरचं चित्रही बदललं.

सुरुवात होते 1 जानेवारी 1963 रोजी. त्या दिवशी ओसामू तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका फुजी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग काढायचा, म्हणजे हजारो चित्रं. चित्रफितीला सेकंदाला 24 चौकटी लागतात. तेझुकांच्या स्टुडिओने एकच चित्र तीन-तीन चौकटी वापरून सेकंदाचं काम आठ चित्रांत भागवलं, बोलताना फक्त ओठ हलवले, जुनी चित्रं पुन्हा पुन्हा वापरली. एवढी काटकसर करूनही वाहिनीच्या पैशांत खर्च निघत नव्हता. ती तूट भरून निघाली प्रायोजक मेइजी कंपनीच्या चॉकलेटांसोबतच्या स्टिकरांतून आणि खेळण्यांतून. पुढची वीस वर्षं जपानी टीव्हीवरचं अ‍ॅनिमेशन याच हिशोबावर चाललं. गोष्ट सांगणारा स्टुडिओ, पैसे देणारा खेळणीवाला आणि दुकानात हट्ट धरणारं मूल.

या हिशोबाचा काच सर्वांत ठळक दिसतो तो ‘मोबाइल सूट गुंडाम’मध्ये. योशियुकी तोमिनो यांची ही मालिका एप्रिल 1979मध्ये सुरू झाली. युद्धात ओढली गेलेली कोवळी मुलं, दोन्ही बाजूंनी मरणारी माणसं, खलनायक म्हणून एकाकडेच बोट दाखवता येणार नाही असं कथानक. क्लोव्हर या खेळणी कंपनीची विक्री मनासारखी होईना आणि 52 भागांची मालिका 43 भागांतच गुंडाळावी लागली. ती आवडणारे प्रेक्षक होते, पण ती लहान मुलं नव्हती. हायस्कूल-कॉलेजातल्या या तरुणांना क्लोव्हरची खेळणी नको होती. 1980मध्ये बांदाई कंपनीने गुंडामची जोडायची प्लास्टिक मॉडेलं काढली, तेव्हा याच तरुणांनी ती उचलली. 22 फेब्रुवारी 1981 रोजी टोकियोच्या शिंजुकू स्टेशनाबाहेर गुंडाम चित्रपटाच्या निमित्ताने हजारो तरुण जमले आणि तिथे ‘अ‍ॅनिमेच्या नव्या युगाची घोषणा’ वाचली गेली. अ‍ॅनिमेशनचा मोठ्या वयाचा, खिशात स्वतःचे पैसे असलेला प्रेक्षक त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांत भरला.

तोवर त्याच्या घरात कॅसेट लावायचं यंत्रही, म्हणजे व्हीसीआर, पोचू लागलं होतं. सोनीचा बीटामॅक्स 1975 साली आला, जेव्हीसीचा व्हीएचएस 1976 साली. जेव्हीसीच्या पहिल्या व्हीसीआरची किंमत होती 2,56,000 येन, म्हणजे ती चैनीचीच वस्तू. पण ऐंशीच्या दशकात किमती उतरल्या, गल्लोगल्ली व्हिडिओ भाड्याने देणारी दुकानं निघाली आणि रिकाम्या फडताळांना माल हवा झाला.

‘डॅलोस’ याच संधीत जन्मला. बनवणारा होता स्टुडिओ पिएरो. दिग्दर्शक दोघे: ‘गॅचामान’ या टीव्ही मालिकेचे हिसायुकी तोरिउमी आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेले मामोरू ओशी. पैसे घातले बांदाईने, म्हणजे पुन्हा खेळणीवाल्यानेच. फरक एवढाच की या वेळी विकायची वस्तू खुद्द चित्रमालिका होती. तिच्या मागे उभं राहून दुसरं काही खपवायचं नव्हतं. माझ्या मते ओव्हीएचा खरा जन्म या फरकात आहे.

‘डॅलोस’ने वाट दाखवली, पण तिच्यावर गर्दी आणली ती ‘मेगाझोन 23’ने. नोबोरू इशिगुरो यांचा हा प्रकल्प आधी टीव्हीसाठी आखला होता. प्रायोजक मागे हटल्यावर तो व्हिडिओकडे वळवला गेला आणि 1985 साली आलेल्या या कॅसेटने बाजार गाजवला. शोगो नावाचा तरुण टोकियोत मोटारसायकल उडवत फिरतो. गाणी, जाहिराती, गर्दीचे चौक, सगळं त्या काळाच्या शहरासारखंच. लष्कराची एक गुप्त मोटारसायकल हाती लागते आणि त्याला कळतं की हे टोकियो पृथ्वीवर नाहीच. अवकाशात चाललेल्या एका प्रचंड यानाच्या पोटात, लोक सर्वांत सुखी होते त्या काळाची ही नक्कल उभी केली आहे. सगळ्यांची लाडकी गायिका ईव्हसुद्धा संगणकाची निर्मिती आहे. खेळणीवाल्याने नाकारलेली ही गोष्ट त्या तरुणांनी पदरचे पैसे मोजून पाहिली, कारण ती त्यांच्याच शहराबद्दल आणि त्यांच्याच काळाबद्दल बोलत होती.

कॅसेट घरात आल्याने पाहण्याची रीतही बदलली. टीव्हीवरचं दृश्य एकदा गेलं की गेलं. कॅसेट मात्र थांबवता येते, मागे नेता येते, एकेक चौकट निरखता येते. हे ओळखून अ‍ॅनिमेटरांनी स्फोटाची प्रत्येक ठिणगी, यंत्राचा प्रत्येक खिळा जीव ओतून काढायला सुरुवात केली. लांबीचं बंधन गेलं, आठवड्याची मुदतही गेली. हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शनातलं पहिलं पाऊल टाकलं ते गायनॅक्स स्टुडिओच्या ‘गनबस्टर’ (1988-89) या सहा भागांच्या ओव्हीएत. शेवटचा भाग त्यांनी जवळजवळ पूर्ण कृष्णधवल केला आणि रंग राखून ठेवला अगदी अखेरच्या क्षणासाठी. अवकाशात गेलेल्या मुलींसाठी वर्षं सरकतच नाहीत आणि पृथ्वीवरच्या त्यांच्या मैत्रिणी म्हाताऱ्या होत जातात. त्या विरहावर ही मालिका ज्या ठिकाणी येऊन थांबते, तिथे रंग परततो. हा क्षण पाहताना आजही घसा दाटून येतो.

स्वातंत्र्याची किंमतही होती. 1985 साली ओशींनी चित्रकार योशिताका आमानो यांच्यासह ‘एंजल्स एग’ हा ओव्हीए चित्रपट केला. 71 मिनिटांच्या या चित्रपटात संवाद नावालाच आहेत आणि अर्थ प्रेक्षकाने लावायचा आहे. आज तो अभिजात गणला जातो, पण तेव्हा तो चालला नाही आणि काही काळ ओशींना काम मिळेना. दुसरीकडे टीव्हीवर दाखवता येणार नाही अशी हिंसा आणि कामुक चित्रण हाच ज्यांचा माल होता, अशा कॅसेटही भरमसाट निघाल्या. थेट प्रेक्षकाकडे जाणाऱ्या वाटेवर उत्तम आणि हिणकस दोन्ही चालतात, हे मान्य करावं लागतं.

कॅसेटची किंमतही बऱ्याच तरुणांच्या आवाक्याबाहेर होती. त्यावर दोन तोडगे निघाले, दोन्ही 1988 सालचे. पहिला ‘पॅटलेबर’चा. मासामी युकी, युताका इझुबुची, काझुनोरी इतो, आकेमी ताकादा आणि ओशी या पाच जणांनी ‘हेडगियर’ नावाने एकत्र येऊन हक्क आपल्याकडे ठेवले आणि कॅसेट 4,800 येनला काढली, म्हणजे तेव्हाच्या नेहमीच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास. कमी भावात जास्त विक्री झाली आणि तिच्या जोरावर मागोमाग चित्रपट आणि टीव्ही मालिकाही आली. दुसरा तोडगा ‘लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’चा. योशिकी तानाका यांच्या कादंबऱ्यांवरची ही महाकथा दुकानांवर विसंबलीच नाही. दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी व्हावी तशी वर्गणी घेऊन कॅसेट थेट घरी पाठवल्या गेल्या. इशिगुरोंच्या या मालिकेचे 1997पर्यंत 110 भाग झाले. त्यात माहलर, ब्रुकनर, शोस्ताकोविच यांचं संगीत वाजतं आणि लोकशाही विरुद्ध कर्तबगार हुकूमशाही हा वाद भागामागून भाग शांतपणे चालतो. इतक्या सावकाश, इतक्या खोल जाणाऱ्या मालिकेला प्रायोजक मिळणं अवघड होतं. तिला वर्गणीदार मिळाले.

नव्वदच्या दशकात जपानची आर्थिक भरभराट ओसरली आणि ओव्हीएमागचा पैसाही आटला. 1995 साली आन्नोंचीच ‘इव्हँजेलियन’ टीव्हीवर आली आणि तिच्या यशानंतर मध्यरात्रीच्या वेळा अ‍ॅनिमेशनला मोकळ्या झाल्या. प्रकाशक, संगीत कंपनी, व्हिडिओ कंपनी अशांनी मिळून समिती करायची, रात्रीची वेळ विकत घ्यायची आणि प्रक्षेपणाला डीव्हीडीची जाहिरात मानायचं, अशी नवी रीत बसली. ओव्हीएचा प्रेक्षक, ओव्हीएचा धीटपणा आणि ओव्हीएतले कलावंत टीव्हीने घेतले. निव्वळ कॅसेटसाठी काढायच्या मालिका हळूहळू कमी झाल्या. पुढे ऑनलाइन वाहिन्यांनी तीच जागा व्यापली. 2018 साली मासाआकी युआसा यांची ‘डेव्हिलमॅन क्रायबेबी’ नेटफ्लिक्सवर एकदम दहा भागांत आली, ती ओव्हीएच्याच कुळातली.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीतून लागलेला ‘मोगली’ हेही जपानी अ‍ॅनिमेशन, पण टीव्हीसाठी बनलेलं. त्यामुळे जपानी अ‍ॅनिमेशनची आपली पहिली ओळख लहान मुलांची करमणूक म्हणून झाली. ओव्हीएचा इतिहास ही ओळख पुरी करतो. आज ऑनलाइन वाहिनीला आपण महिन्याचे पैसे देतो, पण कुठली मालिका निघायची हे कंपनी ठरवते. कॅसेटच्या काळात प्रत्येक खरेदी एका विशिष्ट कलाकृतीला दिलेलं मत होती. ज्या भाषांत अ‍ॅनिमेशनला वाहिनी आणि प्रायोजक सहज मिळत नाहीत, आणि त्यांत आपली मराठीही आली, त्या भाषांतल्या कलावंतांनी ‘पॅटलेबर’चा आणि ‘गॅलॅक्टिक हीरोज’चा हिशोब नीट अभ्यासावा. हक्क आपल्या हाती आणि किंमत आवाक्यात, एवढ्यावर ‘पॅटलेबर’ चालला, आणि आगाऊ पैसे भरणाऱ्या थोड्या पण पक्क्या प्रेक्षकावर जपानात 110 भागांची मालिका उभी राहिली होती.